86 वरून 97: हट्टाची मिनिटं मोजल्यावर

नोव्हेंबर 2023 च्या कॅटमध्ये, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांच्या एमबीए प्रवेश परीक्षेत, या मुलीला 86 पर्सेंटाइल मिळाले, नोव्हेंबर 2024 मध्ये 97 च्या थोडे वर. मधल्या वर्षात तिचा अभ्यासाचा वेळ वाढला नाही. नोकरी लागल्यामुळे तो कमीच झाला. गणित आधीपेक्षा फार जास्त येऊ लागलं, असंही नाही. मग हे अकरा पर्सेंटाइल आले कुठून, ते इथे मांडायचं आहे.

नाव तिच्याच सांगण्यावरून देत नाही. इंदूरची, सुदामा नगरात राहणारी, इंजिनिअरिंग इथेच केलेलं. पहिल्या प्रयत्नाच्या वेळी शेवटच्या वर्षाला होती, दुसऱ्याच्या वेळी सुपर कॉरिडॉरवरच्या एका आयटी कंपनीत. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणजे इंदूरच्या मराठी घरांत बहुतेकदा असतं तसंच. मी संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, तिच्या वडिलांचा जुना शेजारी. ती मला काका म्हणते. कॅटचा क्लास मी कधी घेतला नाही, आणि तिला क्लासची गरजही नव्हती. तो तिने आधीच केला होता, मटेरियलचे गठ्ठे कपाटावर पडून होते.

आधी आकड्यांबद्दल. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तर शंभरातली किती मुलं तुमच्या मागे आहेत तो आकडा, हे कॅट देणाऱ्या मुलांना माहीत असतं, आईवडिलांना बरेचदा नसतं. 2023 मध्ये सुमारे 2.88 लाख मुलं परीक्षेला बसली. 86 पर्सेंटाइल म्हणजे त्यातली जवळपास 40 हजार तिच्या पुढे. 2024 मध्ये बसली सुमारे 2.93 लाख, आणि 97 च्या वर म्हणजे पुढे नऊ हजारांहून कमी. रिस्पॉन्स शीटवरून (तिने दिलेल्या उत्तरांच्या नोंदीवरून) काढलेले तिचे मूळ गुण पहिल्या वेळी 198 पैकी 40 आणि दुसऱ्या वेळी 204 पैकी 84. गुण दुप्पट झाले म्हणून घरी पेढे आले, पण ही तुलना तशी करता येत नाही. 2024 चा पेपर एकंदरीत सोपा होता, सगळ्यांचेच गुण वर गेले होते. शिवाय परीक्षा तीन स्लॉटमध्ये होते, आणि अधिकृत गुण त्या तिन्ही स्लॉटची काठिण्यपातळी जुळवून काढलेले असतात. म्हणून पुढे गुण सांगितले तरी निष्कर्ष पर्सेंटाइलवरूनच काढला आहे.

पहिल्या प्रयत्नातले 40 गुण असे आले होते. वार्कमध्ये (इंग्रजी वाचन आणि भाषा) 19, डीआयएलआरमध्ये (माहितीचं विश्लेषण आणि तर्क) 6, क्वांटमध्ये (गणित) 15. पर्सेंटाइलमध्ये अनुक्रमे 76, 58 आणि 89. प्रत्येक विभागाला 40 मिनिटं, आणि एका विभागातला उरलेला वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. 2020 पासून परीक्षेची ही रचना आहे. बऱ्याच संस्था एकूण पर्सेंटाइलसोबत प्रत्येक विभागाचा वेगळा कटऑफ लावतात, त्यामुळे डीआयएलआरच्या 58 वर बाकीचं सगळं अडकणार होतं.

घरातलं निदान मात्र वेगळं होतं. आईचं म्हणणं, इंग्रजी कच्चं आहे, रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख मोठ्याने वाच. वडिलांचं म्हणणं, दुसरा चांगला क्लास लाव. तिचं स्वतःचं म्हणणं, क्वांट अजून पक्कं करायला हवं. तिघांपैकी कुणीही सोडवलेले पेपर उघडून पाहिले नव्हते.

वही

परीक्षेच्या रिस्पॉन्स शीटवर उत्तरं दिसतात, पण प्रत्येक प्रश्नाला किती वेळ गेला ते दिसत नाही. ऑनलाइन मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, दिसतं. म्हणून 2023 च्या परीक्षेआधीचे तिचे शेवटचे सहा मॉक काढले आणि चुकलेला किंवा वेळ खाल्लेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवला. प्रश्न, लागलेला वेळ, मिळालेले गुण आणि कारण. कारणाच्या रकान्यात पाचच शब्द चालतील असं ठरवलं: येत नव्हतं, घाई, वाचनात चूक, तुक्का, हट्ट.

हट्ट म्हणजे तीन मिनिटं झाली, वाट दिसत नाही, तरी प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही. हा रकाना मी आग्रहाने घालायला लावला, कारण मुलं अशा प्रश्नापुढे ‘येत नव्हतं’ लिहितात आणि त्या प्रकरणाचा अभ्यास पुन्हा सुरू करतात. वही भरायला दोन शनिवार-रविवार गेले. तिला हे काम मुळीच आवडलं नाही.

सहा मॉकमध्ये मिळून डीआयएलआरची 240 मिनिटं होती. त्यातली 110 अशा सेटवर (एकाच माहितीवरच्या प्रश्नांच्या गटांवर) गेली होती, ज्यांतून एकही गुण आला नव्हता. क्वांटच्या 240 पैकी 70 मिनिटं हट्टाची निघाली. ‘येत नव्हतं’ हे कारण तिला वाटलं होतं त्याच्या पाव हिश्श्याइतकंही निघालं नाही.

“काका, चार मिनिटं टाकलेली असतात त्यात. आता सोडू कशी, असं वाटतं.”

“ती चार गेली. पाचव्याचं बोल.”

हे सांगायला सोपं. पुढचे तीन महिने तिने ऐकलं नाही.

डीआयएलआर: काय सोडायचं ते शिकणं

2023 च्या पेपरमध्ये या विभागात पाच-पाच प्रश्नांचे चार सेट होते. तिने तीन सेटना हात घातला आणि एकही पुरा केला नाही. तीन बरोबर, तीन चूक: 9 वजा 3, म्हणजे 6. यातले दोनच सेट नीट पुरे झाले असते तर 30 गुण झाले असते. म्हणजे जास्त सेट सोडवण्याची गरज नव्हती, कमी सेट निवडायला शिकायचं होतं. क्लासमध्ये तिला सेट सोडवायचे शिकवले होते, निवडायचे नाही. क्लासलाही दोष देता येत नाही, कारण तिथे फळ्यावर एका वेळी एकच सेट असतो.

म्हणून मार्च ते मे ती फक्त निवडीचा सराव करत होती. 2017 पासूनचे कॅटचे पेपर मिळतात. त्यातले आठ सेट घ्यायचे, प्रत्येकाला दीड मिनिट द्यायचं, पेन्सिल न उचलता वाचायचं आणि क्रम लावायचा: कोणता पहिला घेईन, कोणता शिवणारही नाही. मग त्याच आठवड्यात, घड्याळ न लावता, आठही सोडवायचे आणि प्रत्येकाला खरा किती वेळ लागला ते क्रमाशेजारी लिहायचं.

सुरुवातीला तिचा क्रम जवळजवळ उलटा यायचा, आणि तो उलटा का येतो हे कळणं हाच या सगळ्या वर्षातला सर्वांत फायद्याचा भाग ठरला. ती लहान मजकुराचे सेट वर ठेवायची. चार ओळी, दोन अटी, छान सुटसुटीत. पण माहिती कमी दिलेली असते तेव्हा उरलेली आपल्याला तर्काने काढायची असते; असे सेट बरेचदा सगळ्यांत जड निघतात. उलट अर्धा पडदा भरणारं टेबल पाहून ती घाबरायची, जेव्हा त्यात बेरीज-वजाबाकी आणि थोडा धीर एवढंच लागायचं. दुसरी गोष्ट, ती प्रश्न आधी वाचत नव्हती. सेटखालचा प्रत्येक प्रश्न ‘जर अमुक असेल तर’ किंवा ‘जास्तीत जास्त किती’ असा असेल, तर एकच तक्ता भरून भागत नाही, चार शक्यता मांडाव्या लागतात. पहिले दोन प्रश्न सरळ एखादी किंमत विचारत असतील तर तो सेट आतून उघडतो.

मे अखेरीस तिचा क्रम आणि लागलेला वेळ बराचसा जुळू लागला. मग घड्याळ आलं. पहिली सहा मिनिटं सगळे सेट वाचण्यात, मग पहिला सेट. चार मिनिटांत तक्त्यात एकही खात्रीची नोंद पडली नाही तर पान उलटायचं. हा चार मिनिटांचा नियम तिने स्वतः ठरवला. मी पाच म्हणत होतो. तिचं म्हणणं, पाच म्हटलं की सात होतात.

वार्क: खरी अडचण वेगळीच

इंग्रजी कच्चं आहे का, हे तपासायला मी तिला आरसीचे (वाचून प्रश्न सोडवायचे) उतारे वाचून मराठीत दोन वाक्यांत सार सांगायला लावलं. मानववंशशास्त्र, पर्यावरण, तत्त्वज्ञान, काहीही असो, सार जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर. उतारा कळत होता. चुकत होतं ते पर्यायांमध्ये.

एक नमुना देतो. उतारा मी बनवलेला आहे, पण जात तीच. लेखक म्हणतो, जुन्या बाजारपेठा पाडून मॉल बांधणारे नियोजनकार बाजाराला फक्त खरेदी-विक्रीची जागा मानतात. बाजारात ओळखी जमतात, उधारी चालते, बातम्या फिरतात, आणि ते सगळं गेल्याचा हिशोब कुणी ठेवत नाही. लेखकाचा मुख्य आक्षेप कोणता? पर्याय असे: मॉलमुळे लहान दुकानदारांचं उत्पन्न घटतं, नियोजनकार बाजाराचा एकच उपयोग मोजतात, जुने बाजार कधीही पाडू नयेत, बाजारातली उधारी बँकेच्या कर्जापेक्षा सोयीची असते. तिने पहिला निवडला. का? तर राजवाड्याजवळच्या दुकानदारांकडून तिने हेच ऐकलं होतं, आणि ते खरंही असेल. पण उताऱ्यात उत्पन्नाचा शब्द नाही. उत्तर दुसरा पर्याय. तिसरा लेखकाच्या मुद्द्यापेक्षा फार मोठा. चौथा उताऱ्यातल्या एका शब्दाला धरून भलतीकडे गेलेला.

वहीत वार्कच्या चुकांपुढे मग ‘बाहेरचा’, ‘फार मोठा’, ‘भलतीकडे’, ‘उलटा’ असे शिक्के पडू लागले. ‘बाहेरचा’ इतक्या वेळा आला की तिलाच हसू आलं. जगाची माहिती असलेल्या, वाचणाऱ्या मुलांची ही चूक आहे. अग्रलेख मोठ्याने वाचून ती कमी होत नाही, वाढूही शकते.

इथे तुक्क्याचा हिशोब सांगायला हवा. बरोबर उत्तराला 3, चुकीला वजा 1. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तर सरासरी फायदा शून्य. एक पर्याय खात्रीने काढून टाकता आला तर प्रति प्रश्न एक तृतीयांश गुण, दोन काढता आले तर एक गुण. म्हणून क्लासमध्ये सांगतात, दोनावर आलात तर ठोका. आता हिची वही बघा. दोन पर्यायांवर आल्यावर तिने 21 वेळा तुक्का मारला होता, त्यातले 5 बरोबर. 15 वजा 16, म्हणजे वजा 1. नाणं उडवलं असतं तरी दहा-अकरा बरोबर आले असते. नाण्यापेक्षा इतका वाईट निकाल योगायोगाने क्वचितच येतो. पेपर काढणारा शेवटच्या दोनांतला चुकीचा पर्याय मुद्दाम असा रचतो की तो चांगला वाटावा, आणि तिला बहुतेक वेळी तोच चांगला वाटत होता. सुचलेलं उत्तर उलटं करून टाक, असा विनोद आमच्यात बरेच दिवस चालला. खरा उपाय कंटाळवाणा होता. पर्याय निवडायच्या आधी त्याला आधार देणारी उताऱ्यातली ओळ कोणती, ते रफ कागदावर लिहायचं. ओळ सापडली नाही तर प्रश्न सोडायचा.

वाक्यांचा क्रम लावायच्या प्रश्नांवर फार वेळ घालवला नाही. तिचे चारातले एक बरोबर यायचे आणि एकेकाला चार मिनिटं जायची. ते टायटा असतात, उत्तर टाइप करायचं, चुकलं तरी गुण कापत नाहीत. एक मिनिट बघ, जे वाटेल ते लिही, पुढे जा. काही गोष्टी सुधारण्यापेक्षा स्वस्तात सोडून देणं बरं.

क्वांट

इथे काहीच हललं नाही. वहीनुसार ती पहिल्या बारा प्रश्नांत अडकून राहायची, आणि शेवटच्या चार-पाचांत टक्केवारी, नफा-तोटा, काम-काळ यांचे सोपे प्रश्न न वाचता राहायचे. उपाय उघड होता: आधी बावीसच्या बावीस प्रश्नांवरून नजर, सोपे उचलायचे, मग दुसरी फेरी. मॉकमध्ये ती दोनदा करायची, तिसऱ्यांदा एखादा लॉगॅरिथमचा प्रश्न दिसला की तिथेच ठाण मांडायची. इंजिनिअर असल्याचा अभिमान म्हणा. डीआयएलआरमध्ये तिला स्वतःबद्दल फार भरवसा नव्हता, म्हणून तिथे नियम चालला. क्वांट ‘येतं’ असं तिला वाटायचं, म्हणून इथे चालला नाही. माझं हे अनुमान आहे, ती ते मान्य करत नाही.

जुलै ते नोव्हेंबर

आठवड्याला एक मॉक. तिच्या ग्रुपमधली मुलं दोन-तीन देत होती आणि आकडे एकमेकांना पाठवत होती. आम्ही ठरवलं होतं की आधीच्या मॉकची वही भरल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. दोन तासांच्या पेपरला वहीचे तीन तास लागायचे, नोकरी सांभाळून त्याहून जास्त झेपणारही नव्हतं. रोजचा अभ्यास ऑफिसची बस घरी आल्यावर तासभर, फार तर दीड.

सप्टेंबरमध्ये गुण घसरले, लागोपाठ तीन मॉक खाली. घरात पुन्हा क्लासचा विषय निघाला, वडील एका ठिकाणी चौकशीही करून आले. वही पाहिली तर डीआयएलआर ठीक होतं, वार्कमध्ये तिने अटेम्प्ट इतके कमी केले होते की ओळ सापडलेले प्रश्नही सोडत होती. आजारापेक्षा औषध जास्त झालं होतं. आरसीचे 16 पैकी निदान 12 प्रश्न सोडवायचेच, अशी तळाची मर्यादा घातली आणि दोन आठवड्यांत गाडी रुळावर आली. मध्ये अनंत चतुर्दशीला तिने अभ्यासाला सुट्टी दिली आणि रात्रभर गिरण्यांच्या झाक्या (मिरवणुकीतले चित्ररथ) बघत फिरली. त्या आठवड्याचा मॉक बुडाला. बुडू दिला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला प्रवेशपत्र आलं, स्लॉट तिसरा, दुपारी साडेचारचा. तोवर तिचे सगळे मॉक सकाळचे होते. शेवटचे सगळे त्याच वेळेला हलवले, त्यासाठी ऑफिसातून अर्ध्या दिवसाच्या रजा घेतल्या. साडेपाचला, डीआयएलआर चालू असताना, तिचं डोकं जड होतं हे त्यातून कळलं. उपाय काय, तर दुपारचं जेवण हलकं आणि एकनंतर काही नाही. यामागे शास्त्र वगैरे काही नाही.

24 नोव्हेंबर 2024

वार्क झालं, डीआयएलआर उघडलं, तर चारऐवजी पाच सेट. प्रश्नही 20 च्या जागी 22. तिचा सगळा सराव चार सेटचा. पण वाचून क्रम लावायची सवय पाचांनाही तशीच लागू पडली, सहाऐवजी साडेसात मिनिटं गेली एवढंच. चार प्रश्नांचा एक आणि पाचांचा एक असे दोन सेट तिने पूर्ण सोडवले, नऊपैकी नऊ. शेवटच्या सहा मिनिटांत तिसऱ्याला हात घातला, त्यात दोन बरोबर, तीन चूक. मी असतो तर ते तीन सोडले असते. तरी हिशोबाने 6 वजा 3, फायदाच. एकूण 30, पर्सेंटाइल 94.

वार्कमध्ये 33 गुण, 90 पर्सेंटाइल. क्वांटमध्ये आठ बरोबर, तीन चूक, 21 गुण. पर्सेंटाइल 88, म्हणजे आधीपेक्षा एकाने कमी. शेवटचे तीन प्रश्न याही वेळी वाचले गेले नाहीत.

तिच्या या सगळ्यातून दुसऱ्या मुलाने काय घ्यावं, हे विचारायला दोघे-तिघे येऊन गेले. त्यातला एक बी.कॉम. झालेला. त्याची वही भरली तर क्वांटमधल्या दहापैकी सात चुकांपुढे खरोखरच ‘येत नव्हतं’ होतं: गुणोत्तर, वर्गसमीकरणं, त्रिकोणांची समरूपता. त्याला निवडीचा सराव देऊन उपयोग नव्हता, निवडायला हाताशी काही नव्हतंच. त्याचे मॉक मी बंद करायला लावले आणि नववी-दहावीची गणिताची पुस्तकं काढायला सांगितली. त्याला ते फारसं रुचलेलं दिसत नाही. क्लासची चौकशी सुरू आहे.